बंदीतले दिवस

जून लागला. 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी. विजयदुर्गात होड्या झापांखाली गेल्या. मुंबईची नोकरी सुटल्यापासून मीही घरीच. पेज मिळते, पण नाक्यावरचा "मुंबैक कधी जातलंस?" चुकत नाही.

1982च्या गिरणी संपातही चाकरमानी असेच गावाला आले. पुढे कित्येकांना गिरणीने परत घेतलंच नाही.

गंमत बघा, आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी, ट्रॉलरवर खलाशीही नेपाळी. म्हणजे काम आहे, बी.कॉम.ला ते शोभत नाही, हे आपणच ठरवलेलं. आज तांडेलकाकांना विचारलंच. "नारळी पुनवेक ये, पण आदी जाळी शिवूक शीक." नायलॉनचा दोरा ओढून करंगळी कापली. गाठ मात्र सुटत नाही आता. हजेरी किती, ते उद्या विचारतो.