एका बाजूची धार

माझ्या टेबलाच्या खणात आजमितीला एकवीस चाकू आहेत. हे वाक्य लिहिल्यावर वाटलं, आपण पोलिसांना जबाब देतोय की काय! म्हणून आधीच सांगून टाकतो. सगळे घडीचे, खिशात मावणारे आहेत आणि त्यांनी आजवर सफरचंदं, पेन्सिली, सुतळ्या आणि (दोनदा) माझं स्वतःचं बोट एवढंच कापलंय. पण आपल्याकडे "मला चाकू जमवायचा नाद आहे" म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे थेट रामपुरी उभा राहतो, नाहीतर 'वक्त'मधला राजकुमार. बायकोच्या माहेरी ही बातमी लग्नानंतर सहा महिन्यांनी, बेताबेताने फोडण्यात आली.

सुरुवात झाली नववीत. मामाने लाल मुठीचा स्विस चाकू आणून दिला. त्याची गोष्ट मला फार आवडते. कार्ल एल्सनर नावाच्या माणसाने १८८४ साली इबाख या गावी कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. १९०९ मध्ये त्याची आई वारली, तेव्हा तिचं व्हिक्टोरिया हे नाव त्याने आपल्या मालाला दिलं. पुढे १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद आलं, फ्रेंचमध्ये ते 'इनॉक्स'. झालं व्हिक्टोरिनॉक्स! आईला मोठ्या कौतुकाने हे सांगितलं, तर म्हणाली, "माझं नाव चाकूला नको, वाटल्यास झाऱ्याला दे." तो चाकू पुढे माझ्याच वेंधळेपणामुळे विमानतळावरच्या पेटीत गेला. हातातल्या बॅगेत राहिला होता. तेवढ्यापुरता मी बाराव्या वर्षाचा झालो होतो, म्हणजे डोळ्यांत पाणीबिणी.

मग एक ओपिनेल आला. फ्रान्सच्या डोंगराळ साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये केलेला हा शेतकऱ्यांचा चाकू. लाकडी मूठ, एक पातं, बास. १८९७ पासून तो १ ते १२ अशा नंबरांत मिळू लागला, आणि पातं उघडल्यावर मिटू नये म्हणून फिरवायची कडी आली ती १९५५ मध्ये. माझा आठ नंबरचा आहे. पुण्याच्या जुलैत त्याची मूठ दमट हवेने फुगते आणि पातं आत अडकून बसतं. मग मुठीचं टोक टेबलावर ठोकायचं, की पातं डोकं बाहेर काढतं. साव्हॉयची माणसंही हेच करतात म्हणे! हे कळल्यावर मला उगाचच नातं जुळल्यासारखं वाटलं.

तिसरा लाडका म्हणजे जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी. दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि पात्यामागे एक छोटी शेपटी. खटका नाही, कडी नाही. शेपटी अंगठ्याने दाबून धरायची, तेवढंच कुलूप. एके काळी जपानी शाळकरी पोरं याने पेन्सिलींना टोक काढत. १९६० साली तोक्योत एका सतरा वर्षांच्या मुलाने असानुमा या पुढाऱ्याला भर सभेत भोसकलं. शस्त्र वेगळं होतं, आखूड तलवार. पण त्यानंतर मुलांच्या हाती पाती देऊ नका अशी मोहीम निघाली आणि दप्तरातला हा गरीब चाकूही गेला.

एवढं वाचून काका म्हणतील, "अरे, मुद्द्यावर ये." (हो काका, तुम्ही वाचता हे मला माहीत आहे. ताईने फोनवर लावून दिलंय ना.) तर मुद्दा हा की खणातला एकविसावा चाकू आजोबांचा आहे, आणि त्याच्याबद्दल मला काहीतरी सांगायचंय.

आजोबा कलमं बांधायचे. पावसाळ्यात कोयकलमांचे दिवस आले की त्यांच्या कमरेला तो चाकू असे. रायवळ आंब्याची कोय रुजवून आलेलं तांबूस, कोवळं रोप घ्यायचं, कोयीच्या वर चार बोटांवर छाटायचं, मधोमध उभी चीर द्यायची. हापूसची काडी दोन्ही बाजूंनी तासून तिची पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. सगळी करामत त्या तासण्यात. काप आरशासारखा सपाट हवा. मध्ये कुठे पोकळी राहिली की काडी वाळली म्हणून समजा. आजोबा एका ओढीत तासत. दुसऱ्यांदा चाकू लावलेला मी पाहिला नाही.

आजोबा २००९ मध्ये गेले. दिवसपाणी आटोपल्यावर काकांनी तो चाकू आणला, "चाकूवाला तू, तूच ठेव" म्हणाले आणि ओट्यावर ठेवला. हातात दिला नाही. चाकू हातात दिला की भांडण होतं म्हणतात.

पुण्याला आल्यावर मी तो नीट पाहिला. पातं आंब्याच्या चिकाने काळंशार, मूठ एका बाजूला जास्त झिजलेली. मला वाटलं, आजोबांची आठवण ही, लखलखीत पाहिजे! दारावर धार लावणारा आला, त्याच्याकडे दिला. त्याने चाकावर दोन्ही बाजूंनी मस्त धार काढली. ठिणग्या उडाल्या. पाच मिनिटांत चाकू नवा कोरा. मी खूश. त्या माणसाचा काही दोष नाही, मी सांगितलं तसंच त्याने केलं.

दोनेक वर्षांनी कुठेतरी वाचलं, की कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते. दुसरी बाजू पूर्ण सपाट ठेवतात. ती सपाट बाजू काडीला टेकते, म्हणून काप सपाट येतो. वाचता वाचता पोटात खड्डा पडला. आजोबांनी चाळीस वर्षं दगडावर घासून जपलेली बाजू मी पाच मिनिटांत चाकावर घालवली होती. आणि काळा रंग म्हणजे मळ नव्हता, त्यांच्या सगळ्या पावसाळ्यांचा हिशेब होता तो.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. काकांनी विचारलं की "ठेवलाय जपून" म्हणायचो. म्हणजे खोटं नाही, पण खरंही नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये गावी गेलो. काका पडवीत कलमं बांधत बसले होते. म्हणाले, "आजोबांचा आणलायस ना? बस." आता काय करणार! बसलो. पहिली काडी तासली, काप मध्ये फुगीर. दुसरी, तीच गत. काकांनी माझ्याकडून चाकू मागितला, पातं उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघितलं. काही बोलले नाहीत. खाली ठेवला आणि आपल्या चाकूने पुढची काडी तासायला घेतली. जेवतानाही विषय नाही.

सकाळी जाग आली ती विहिरीजवळच्या आवाजाने. काका पाण्यात भिजवलेल्या दगडावर पात्याची एक बाजू आडवी टेकवून घासत होते. मला बघून म्हणाले, "एक बाजू सपाट होईस्तोवर घासायची. थोडी मी केलीय. उरलेली तू कर. घाई करायची नाही."

तेव्हापासून रोज रात्री दहा मिनिटं घासतो. पातं सूतभर अरुंद झालंय. खणातल्या बाकीच्या विसांकडे हल्ली फारसं लक्ष जात नाही. या जुलैत गच्चीवरच्या पिशव्यांत त्याच चाकूने बारा कलमं बांधली. चार जगली. काकांची बारातली दहा जगतात. पात्यावर चिकाचा पहिला काळा डाग पडलाय, तो मी पुसलेला नाही.

तोंडाने म्हणायचं मात्र राहूनच गेलं. काका, चुकलं माझं.

मे महिन्यात चाकू घेऊन येतोय. ओट्यावर ठेवीन, हातात देणार नाही.