कोरी पाटी

आमच्या घरांत कोणतीही खरेदी ही एकट्याची बाब कधींच नव्हती. घरगुती पिठाची चक्की घेण्यापूर्वीं सात माणसांची सभा भरली होती, आणि तींत दोन पक्ष पडले होते! अशा घराचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, अमेरिकेंत मिशिगन राज्यांतील ट्रॉय गांवाजवळ राहतो. त्यानें २०२५ च्या मे महिन्यांत एका गाडीसाठीं ५० डॉलर भरून नांव नोंदविलें, आणि घरीं कळविलें तें थेट दसऱ्याला. वहिनींना राग आला तो पैशांपेक्षां ह्या रीतिभंगाचा. "भाऊजी, तुमचें तो ऐकतो. ट्रक घेऊं नकोस म्हणून तुम्हीच त्याला सांगा," असा मला हुकूम झाला.

ट्रक म्हटल्यावर माझ्याही डोळ्यांपुढें विटा-वाळूच उभी राहिली. परंतु त्यानें धाडलेलीं चित्रें पाहिलीं, माहिती वाचली, आणि वकीलपत्र घेतलेल्या माणसानें जें करूं नये तेंच माझ्या हातून घडूं लागलें. प्रतिपक्षाची बाजू मला आवडूं लागली.

स्लेट ऑटो ह्या कंपनीनें एप्रिल २०२५ मध्यें ही विजेवर चालणारी पिकअप लोकांपुढें मांडली. त्या देशांतील नेहमींच्या पिकअप १८-१९ फूट लांब. ही अवघी साडेचौदा फूट. बसावयास दोन जागा, मागें ५ फुटांचा उघडा हौदा, भार वाहण्याची शक्ति सुमारें ६५० किलोंची. एकदां वीज भरली कीं २४० किलोमीटर जावें, असा कंपनीचा अंदाज. कांचा हातानें मूठ फिरवून खालींवर करावयाच्या. रेडिओ नाहीं, चित्रांचा पडदा नाहीं. आपला फोन अडकविण्यास एक जागा तेवढी ठेवलेली. आणि रंग? रंगच नाहीं! बाहेरचें अंग लोखंडी पत्र्याचें नसून करड्या प्लास्टिकचें. मोटारीच्या कारखान्यांत रंगशाळा हें मोठ्या खर्चाचें खातें असतें; तें ह्यांनीं मुळांतच छाटलें. ज्याला रंग हवा असेल त्यानें मागाहून पातळ रंगीत आवरण आणून तें स्वतः चिकटवावें. (इंडियाना राज्यांतील वॉर्सा येथें ज्या इमारतींत तिचा कारखाना काढण्याचें ठरलें, तेथें पूर्वीं मोठा छापखाना होता, हें वाचून मासिकांच्या माझ्यासारख्या वेड्याला जरा हळहळ वाटली.)

स्लेट म्हणजे पाटी. दसऱ्याला आपण पाटीवर एकांची सरस्वती काढतों. ती पाटी दुकानांतून कोरीच आणावयाची असते. दुकानदारानें तींवर आधींच सुबक सरस्वती काढून दिली, तर पोरानें करावयाचें काय?

दोन जागांची गाडी कुटुंबवत्सल माणसाला काय कामाची, हा वहिनींचा बिनतोड सवाल. त्यालाही तोड निघाली. निराळा संच विकत घेऊन मागें आसन व वर छप्पर बसविलें कीं पांच माणसांची बंद गाडी होते, आणि हें काम मालकाला घरच्या अंगणांत करतां यावें अशीच योजना आहे. अपघात टाळण्यासाठीं आपोआप लागणारा ब्रेक मात्र मूळ गाडींतच आहे. काटकसर तेथवर पोंचलेली नाहीं. तसें पाहिलें तर ही हौस त्या मुलुखाला नवी नव्हे. फोर्डनें १९२५ सालीं आपल्या मॉडेल टी गाडीला मागें हौदा जोडून ती २८१ डॉलरांना विकावयास काढली. मॉडेल टीच्या मागच्या चाकाला पट्टा लावून शेतकरी लांकडेंसुद्धां कापीत.

तरी आक्षेप होतेच. किंमत २०,००० डॉलरांच्या आंत पडेल असें प्रथम सांगितलें गेलें, तें सरकारच्या ७,५०० डॉलरांच्या सवलतीच्या जोरावर. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजीं संपली. शिवाय वरून जोडावयाच्या वस्तू शंभरांवर! 'मुलगी आणि नारळ' एवढेंच मागणाऱ्या व्याह्याची यादी पुढें कशी लांबत जाते, हें कां आपल्याला ठाऊक नाहीं?

हें सगळें कागदावर टिपून मीं फोन केला. त्यानें निमूटपणें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "काका, तुमचें खरें आहे. पण इथें माझ्या हातून कांहींच होत नाहीं. गाडीचा एक दिवा गेला, तरी ती नेऊन दुसऱ्याच्या हवालीं करावी लागते. बाबा रविवारीं स्कूटर उघडून बसत, तेव्हां मी त्यांना पान्हे देत असें. तसें पुन्हां कांहीं करावेंसें वाटतें." थोडें थांबून त्यानें विचारलें, "ती स्कूटर कोणीं घेतली हो शेवटीं?"

दादा गेल्यावर ती स्कूटर आम्हीं भंगारवाल्याला दिली होती. त्यासाठींही सभा भरली होती, आणि ठराव एकमतानें झाला होता. तो तेव्हां परीक्षेसाठीं परगांवीं होता. त्याला विचारावें असें आम्हां कोणाच्याच मनांत आलें नव्हतें.

मीं कागद घडी करून खिशांत ठेवला, आणि गाडीला कोणता रंग देणार तेवढें विचारलें.

वहिनींना सारें सांगितलें, स्कूटरचेंही सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग आंत जाऊन तेलकट फडक्यांत बांधलेलें एक गाठोडें घेऊन आल्या. दादांचे पान्हे त्यांनीं ठेवून दिले होते, हें मला ठाऊकच नव्हतें.

"भाऊजी, तिकडच्या गाडीला हे बसतील का हो?"

"विचारून सांगतों," मीं म्हटलें. त्यांनीं गाठ सोडली, आणि एकेक पान्हा पुसावयास घेतला.