वाचेचे वावर



वारकऱ्याचा सारा व्यवहार वाचेवर चालतो. गळ्यात तुळशीची माळ आली की मद्य-मांस सुटते, एकादशी घडते, पंढरीची वाट पायांखाली येते. पण या सर्वांत मुख्य साधन नाम, आणि नामाला राहायला जागा मुखाची. ज्ञानेश्वरीच्या सतराव्या अध्यायात शरीर, वाणी आणि मन यांच्या तपाचा विचार आहे. वाणीचे तप मी कीर्तनात पुष्कळदा मांडले. ते तप ज्या तोंडात व्हायचे, त्या तोंडाचा विचार मात्र आपण फार कमी करतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात खर्रा म्हणजे काय, हे कोणाला सांगावे लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की झाला खर्रा. पानठेल्यावर तो मिळतो, वावरात मजुराच्या कनवटीला असतो, आणि स्पष्ट बोलायचे तर दिंडीतल्या पिशवीत हरिपाठाच्या पुस्तकाशेजारीही असतो. मांसाने माळ बाटते, खर्ऱ्याने नाही, अशी आपली सोयीची समजूत आहे.

माझ्या कीर्तनात तीस वर्षे चाल म्हणणारे एक गायक होते. त्यांनी वरचा सूर लावला की मृदंगावरचा हातही सावध होई. आधी त्यांना तिखट सोसेना. मग भाकरीचा घास मोठा वाटू लागला. पुढे तोंडात आडवी दोन बोटे जाईनात. गळा तोच, दम तोच, पण सूर बाहेर पडायला दार उघडेना. आज ते टाळ घेऊन उभे राहतात. चाल दुसरे म्हणतात. हे असे का होते, ते मी डॉक्टरांना विचारले आणि मिळाले तेवढे वाचले. ते आपल्या भाषेत सांगतो.

आपला देह असंख्य पेशींचा, आणि पेशी एकमेकींशी बोलतात. ते बोलणे शब्दांचे नव्हे, रेणूंचे. एक पेशी रेणू सोडते. दुसरीच्या अंगावर तो ओळखणारी जागा असते. तिथे तो बसला की आत निरोप पोहोचतो: वाढ, थांब, दुरुस्ती कर, मरून जा. दृष्टांत आपल्या वावरातलाच घ्या. पऱ्हाटीवरच्या गुलाबी बोंडअळीसाठी आपण कामगंध सापळे लावतो. मादी पतंग गंध सोडते, तो तिचा निरोप. सापळ्यात तसलाच गंध ठेवला की नर धावत येतो. गंध तोच, पण निरोप खोटा.

खर्ऱ्यातली सुपारी तोंडात हेच करते. तिचा रस रोज लागला की अस्तराच्या पेशी टीजीएफ-बीटा नावाचा निरोप अधिक सोडू लागतात. एरवी हा निरोप जखम भरून काढण्याचा. खालच्या पेशी तो ऐकतात आणि कोलॅजेनचे तंतू विणू लागतात. सुपारीतली द्रव्ये ते तंतू सहज मोडूही देत नाहीत. मग गाल आतून ताठर होतात आणि तोंड मिटत जाते. मुंबईच्या डॉ. जोशींनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले होते. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचा निर्वाळा आहे.

अशा तोंडांपैकी काहींत पुढे कर्करोग होतो. त्या पेशींचे बोलणे तर फारच चतुर. त्या रेणू सोडून रक्तवाहिन्यांना आपल्याकडे बोलावतात. हा विचार अमेरिकेतील जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. शेजारच्या निरोगी पेशींनाही त्या कामाला लावतात. हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये अशा गाठीची तुलना न भरणाऱ्या जखमेशी केली. हे वाचून मी थांबलो. म्हणजे रोगाची भाषा परकी नाही. ती देहाचीच बोली, फक्त तिला थांबणे ठाऊक नाही. कीर्तनात चाल कितीही वर गेली तरी गायकाला धृपदावर परत यावे लागते. एकजण परत येईनासा झाला, की टाळ-मृदंगही त्याच्यामागे ओढले जातात आणि कीर्तन मोडते.

आपल्या रक्तात राखणदार पेशी आहेत. त्यांनी उगाच आपल्यांवर हात टाकू नये म्हणून देहाने एक 'थांब' खूण ठेवली आहे. कर्कपेशी तीच खूण पुढे करून राखणदाराला गप्प बसवतात. ही फसवणूक मोडण्याचा मार्ग दाखवणारे जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. त्यावरचे औषध मात्र अतिशय महाग. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके-मानेचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीच्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना त्यांसोबत हे औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दिले. वर्षानंतर नुसत्या गोळ्यांवरचे शंभरात सुमारे १६ हयात होते, औषध जोडलेले सुमारे ४३. गरिबाचा विचार करून केलेले हे संशोधन म्हणजे सेवाच होय.

गावात कोणाला हा रोग झाला की हळूच पूर्वकर्माची भाषा सुरू होते. तेव्हा मी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची आठवण देतो. खंजिरीवर गावेच्या गावे जागी करणाऱ्या त्या महापुरुषाचा शेवटचा आजार कर्करोगच होता. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांनी देह ठेवला. नागपूरचे कर्करोग रुग्णालय त्यांचेच नाव मिरवते. तिथल्या खाटेवर पडलेल्याला बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याची शुश्रूषा करावी, त्याच्याजवळ बसून नाम घ्यावे. पण ज्याचे तोंड अजून उघडते, त्याला मात्र आज बोलले पाहिजे.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र म्हटले आहे. वावर म्हटले की राखण आली. तेव्हा फडकरी, विणेकरी, सप्ताहाचे चालक या सर्वांना हात जोडून विनंती आहे. माळ घालताना मद्य-मांसासोबत खर्रा आणि तंबाखू सोडण्याचा नेमही द्यावा. सप्ताहात एक दिवस दंतवैद्यांना बोलवावे. घरी प्रत्येकाने आरशासमोर तोंड उघडून तीन बोटे उभी जातात का ते पाहावे. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारे तोंडातले छाले दिसले, तर अंगारा लावून थांबू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे. लवकर सापडलेल्या रोगावर इलाज आहे.

पंढरीच्या वाटेवर पाय थकले तर खांदा द्यायला पुष्कळ जण असतात. पण नाम ज्याचे त्यालाच घ्यावे लागते. ते घेणारे तोंड शेवटपर्यंत मोकळे राहावे, एवढेच मागणे पांडुरंगाच्या चरणी.