रावी कोण?

मोहसीन शेख हे नाव आपल्या सोलापूर जिल्ह्यात अजून विसरलेले नाही. सोलापूरचा हा तरुण पुण्यात आयटीच्या नोकरीला होता. मे २०१४ च्या अखेरीस फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फिरू लागली. मोहसीनचा त्या चित्रांशी काडीचाही संबंध नव्हता. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये नमाज पढून परतताना जमावाने त्याला मारून टाकले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. चित्रे टाकणाऱ्याला चेहरा दाखवावा लागला नाही. ज्याचा चेहरा रस्त्यावर दिसला, तो जिवानिशी गेला.

एवढे भयंकर आमच्या श्रीपुरात घडलेले नाही, अल्लाह न करो. पण एकाने लपून बोलायचे आणि दुसऱ्याने भोगायचे, हा प्रकार आम्ही शिक्षक मंडळी शाळेत पाहतो.

मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलीच्या नावाने कुणीतरी इन्स्टाग्रामवर खाते उघडले. नात्यातल्या लग्नातला तिचा फोटो लावला आणि मुलांना नको ते मेसेज पाठवले. आमचे गाव साखर कारखान्याचे, सगळे एकमेकांना ओळखतात. दोन दिवसांत सगळीकडे झाले. वडिलांनी आधी तिचा फोन काढून घेतला, मग दप्तर.

आम्ही घरी गेलो. अम्मी म्हणाली, "पोरीची जात आहे. लोकांची तोंडं कुणी धरायची?"

आम्ही वडिलांना विचारले, "भाई, खातं कुणी काढलं, कळलं का?"

"नाही."

"मग सजा कुणाला झाली?"

ते गप्प बसले. मग आम्ही मदरशातले बोलणे काढले. रावी मजहूल असेल, म्हणजे सांगणारा कोण हेच माहीत नसेल, तर मुहद्दिसीन ती रिवायत जईफ ठरवतात. स्त्रीवर आळ घेणाऱ्याने चार साक्षीदार आणावेत, हा सूरह नूरचा दंडक तर घरोघरी माहीत आहे. आणि इथे बिनचेहऱ्याच्या एका खात्यावर आपण आपल्याच लेकीची शाळा बंद करतो!

खाते उघडणारा आपल्यापासून लपतो, कंपनीपासून नाही. ज्या मोबाइल नंबरवरून किंवा ईमेलवरून खाते उघडले, त्याची नोंद तिच्याकडे असते आणि पोलीस ती मागवू शकतात. म्हणून घाबरून सगळे पुसून टाकू नये. आधी त्या खात्याचे नाव, लिंक आणि मेसेज यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत, मग तक्रार करावी. दुसऱ्याच्या नावाने ऑनलाइन फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वडिलांनी तक्रार दिली. खाते आमच्याच शाळेतल्या एका मुलाचे निघाले. वर्गात मान खाली घालून बसणारा, आमच्याशी बोलतानाही अडखळणारा मुलगा! त्या मुलीला समोरून एक शब्द बोलायची त्याची हिंमत नव्हती. आम्ही विचारले तेव्हा म्हणाला, "माझं नाव कुठं होतं त्यात?" त्याचे आईवडील त्याला घेऊन मुलीच्या घरी माफी मागायला गेले, हे बरे झाले.

मुलगी सतरा दिवसांनी वर्गात आली. फोन मात्र वडिलांनी अजून दिलेला नाही. आमचे बोलणे चालू आहे.