तीन थाऊची शिम

जुन्या जीपचं स्टेअरिंग चाळीस-पंचेचाळीसच्या वेगाला थरथरायला लागलं की गॅरेजवाले आधी चाकं बॅलन्सिंगला पाठवतात. मग टाय रॉडचे बॉल जॉइंट बदलतात, मग बेलक्रँकचं बुश, मग शॅकलची बुशं. प्रत्येक कामानंतर थोडे दिवस बरे जातात, आणि एखाद्या खड्ड्यात चाक आपटलं की पुन्हा तेच. सीजे-३बी या मॉडेलच्या जीपमध्ये हा दोष बहुतेक वेळा किंगपिनच्या, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंट्यांवर वळतं त्यांच्या, बेअरिंगांत असतो, असं माझं ठाम मत आहे. तिथे हात घालायला कुणी राजी नसतं. हब, ब्रेक प्लेट, स्पिंडल, सगळं उतरवायचं आणि कोपरापर्यंत काळं ग्रीस माखून घ्यायचं.

मॅन्युअल सांगतं की सील काढून, टाय रॉड सोडून, स्टेअरिंग आर्मला स्प्रिंगकाटा अडकवून ओढा. नकल, म्हणजे किंगपिनवर वळणारा चाकाचा सांधा, वळायला १२ ते १६ पौंड, म्हणजे साधारण साडेपाच ते सात किलो, ताण लागला पाहिजे. कमी लागला तर शिमा, म्हणजे बेअरिंगच्या कॅपखालच्या पातळ चकत्या, काढा, जास्त लागला तर घाला. मी हा काटा कधी वापरला नाही. आर्म दोन बोटांनी धरून फिरवायचो आणि तीन थाऊची शिम काढायची की पाच थाऊची, ते सांगायचो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चार माणसं जमलेली असली तर मुद्दाम काटा बाजूला सारायचो. त्या बोटांचा मला फार अभिमान होता. बायकोपेक्षा आणि लेकरांपेक्षाही जास्त वेळ मी त्या अभिमानाला दिला, हे आता लिहायला हरकत नाही.

मधुमेहाने बोटांची टोकं बधिर झाली आहेत. पाना धरता येतो, बोल्ट आवळता येतो, पण आर्म फिरवताना हाताला काही कळत नाही. म्हणून आता काटा लावतो, आणि पुतणी शेजारी बसते. तिचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय.

मागच्या पावसाळ्याआधी उजवा नकल बसवला. काट्यावर ताण अगदी बरोबर आला. मी कॅप आवळून टाकणार, तेवढ्यात तिने आर्म हळूहळू इकडून तिकडे नेला आणि म्हणाली, "काका, मधोमध अडतंय."

बेअरिंगचा कप, म्हणजे बाहेरचं कडं, बाहेर काढला. रोलर बसतात तिथे खाचा होत्या. जीप आयुष्यातला बहुतेक रस्ता सरळच चालते, त्यामुळे रोलर त्याच जागी ठोके खात राहतात. ओढ्यातलं पाणी फेल्ट सीलमधून आत शिरून ग्रीस दुधाळ झालं की हे काम आणखी लवकर होतं. खाचा पडलेल्या कपवर शिमांनी कितीही ताण आणा, वळणावर तो बरोबर वाटतो आणि सरळ रस्त्यावर नकल सैलच राहतो. थरथर नेमकी सरळ रस्त्यावरच सुरू होते! काटा झटकन ओढला तर हे दाखवत नाही. माझ्या बोटांना ते पूर्वी कळलं असतं का, हा प्रश्न मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारतो. बहुधा मी ताणच बघत होतो, खाच कधी शोधलीच नव्हती.

हल्ली या थरथरीवर स्टेअरिंग डॅम्पर बसवून देतात. मला त्याचा राग येतो. दुखणं आत तसंच राहतं, चालवणाऱ्याला मात्र कळेनासं होतं. वर रुंद टायर घालायचे आणि पुढच्या पाट्यांवर जड डिझेल इंजिन ठेवायचं. सगळा भार त्याच चार बेअरिंगांवर. मुळात सीजे-३बीचं बॉनेट उंच आहे ते हरिकेन या पेट्रोल इंजिनसाठी. इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, म्हणून ते इंजिनच उंच. अमेरिकेत ही गाडी १९५३ला आली आणि १९६८ला बंद झाली. महिंद्राने ती आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं बनवली. ते पेट्रोल इंजिन भंगारात घालून उरलेल्या सांगाड्याला लोक सीजे-३बी म्हणतात. मी म्हणत नाही.

जुनी सीजे-३बी घेणाऱ्यांना एवढंच सांगतो. रंग आणि सीट बघू नका. आरसी बुकातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो का ते बघा. नाहीतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवताना आरटीओत अडकाल. मागच्या शॅकलपाशी चेसिसला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. आत गेला तर तिथूनच परत या. मग पुढचं चाक जॅकवर उचला आणि वर-खाली धरून हलवा. खेळ असला तरी गाडी सोडू नका, ते काम घरी होतं. बेअरिंग मागाल तेव्हा कपसकट मागा. दुकानदार म्हणेल, जुना कप चालेल. चालत नाही.