घराण्याचा ठोका

आमच्या बेळगाव भागात कुणी पन्नाशीच्या आतबाहेर अचानक गेलं, की बस्तीत दोनच वाक्यं ऐकू येतात, "ॲटॅक आला" आणि "आयुकर्म संपलं". माझा धाकटा चुलतभाऊ गेला तेव्हाही तेच. पण त्याच्या रक्तवाहिन्या स्वच्छ होत्या. हृदयाचा स्नायूच ताणून ढिला झाला होता. त्याच्या आधी काकाही असेच दम लागून लागून गेले. तेव्हा सगळे दमाच म्हणाले होते.

दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून बघा. हृदयाच्या स्नायूतले तंतू असेच सरकतात, म्हणून ठोका पडतो. या सरकण्याला आवर घालणारं एक प्रथिन असतं. त्याच्या जनुकाचं नाव एमवायबीपीसी-३. हैदराबादच्या 'सीसीएमबी' संस्थेतले के. तंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की या जनुकातली २५ अक्षरं गळालेली माणसं भारतीय उपखंडात शंभरात सुमारे चार आहेत.

असा बदल असलेला प्रत्येकजण आजारी पडत नाही. त्रास झालाच तर बहुधा उतारवयात. तोवर मुलंबाळं झालेली असतात. प्रत्येक मुलात बदल उतरण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो की मुलगी. आमच्या घरात हाच बदल होता का, ते आता कळायचं नाही. पण मागं राहिलेल्यांची तपासणी तर करता येते.

अडतं ते इथंच. भावाच्या मुलीचं लग्न बघत होते. भावजय म्हणाली, "अक्का, इको काढला नि काही निघालं, तर स्थळ कोण देईल?"

तिचं भय खोटं नव्हतं. मी म्हटलं, "अगं, पाण्यातल्या जिवांसाठी आपण पाणी गाळून पितो. मग पोटच्या पोरीच्या जिवाला का नाही जपायचं?"

इको चांगला निघाला. डॉक्टरांनी काही वर्षांनी पुन्हा करायला सांगितलाय.

कुणाची आत्या कुठं दिली, कुणाचं सुतक किती दिवस, हे सगळं आपल्या बायकांना पाठ असतं. त्यातच हेही लिहून ठेवा: कोण कितव्या वर्षी गेलं, पाय सुजत होते का, चक्कर येऊन पडत होतं का. पत्रिकेपेक्षा हा कागद डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचा.