एलायझा शिक्षिका झाली असती

यंदाच्या ‘पडद्यावरचं प्रेम’ या विभागासाठी एखाद्या युरोपीय प्रेमविनोदी चित्रपटावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं आणि निवड माझ्यावर सोपवली. उच्चारशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला फार शोधावं लागत नाही. मी १९३८चा ब्रिटिश चित्रपट ‘पिग्मॅलियन’ निवडला. त्याचा नायक ध्वनिशास्त्रज्ञ आहे. माझ्या विषयाला पडद्यावर इतकं मानाचं पान क्वचितच मिळतं आणि इतका गैरसमजही या एकाच कथेने पसरवला आहे.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. लंडनच्या फुटपाथवर फुलं विकणारी एलायझा डूलिटल, तिची कॉकनी बोली, ती ऐकून वहीत टिपणारे प्राध्यापक हिगिन्स आणि काही महिन्यांत हिला उमरावांच्या मेजवानीत खपवून दाखवतो ही त्यांची पैज. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते १९१३मध्ये व्हिएन्नात, जर्मन भाषेत. लंडनचा प्रयोग पुढच्या वर्षी झाला. आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिलं, इंडियन नॅशनल थिएटरने ते १९७५मध्ये रंगमंचावर आणलं आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा घराघरांत पोचली. २०२३मध्ये त्याच कथेवर ‘फुलराणी’ हा मराठी चित्रपटही आला. मात्र नाव काढलं की लोकांना आठवतो तो १९६४चा हॉलिवूडचा ‘माय फेअर लेडी’ आणि त्यातली गाणी. त्या झगमगाटात १९३८चा कृष्णधवल चित्रपट झाकून गेला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. स्पेनमधल्या पावसाचं ते प्रसिद्ध उच्चार-वाक्य मूळ नाटकात नाही, ते या चित्रपटासाठी लिहिलं गेलं. राजदूताकडच्या नृत्यसमारंभाचा प्रसंगही शॉ यांनी याच चित्रपटासाठी फुलवला.

हा चित्रपट बनवणारी माणसं कोण होती, हे पाहिलं की विषयाचा गाभाच हाती लागतो. निर्माते गॅब्रिएल पास्कल हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात जन्मलेले. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं, तरी चित्रपटांसाठी नाटकं देण्याबाबत अतिशय सावध असलेल्या शॉ यांनी आपलं नाटक त्यांच्या हाती दिलं. दिग्दर्शक दोघे होते. अँथनी अ‍ॅस्क्विथ हे माजी पंतप्रधानांचे चिरंजीव. दुसरे लेस्ली हॉवर्ड, ज्यांनी हिगिन्सही साकारला. पडद्यावरचा ‘अस्सल इंग्रज’ म्हणून जग ज्यांना ओळखत होतं, त्या हॉवर्ड यांचे वडील हंगेरियन ज्यू होते. संगीत स्विस घराण्यातल्या आर्थर ओनेगर यांचं. संकलन केलं डेव्हिड लीन या तरुणाने, जो पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झाला. शॉ तर डब्लिनचे आयरिश. शुद्ध इंग्रजीची ही गोष्ट सांगणाऱ्यांत बाहेरून आलेलेच इतके होते.

आणि एलायझा झालेल्या वेंडी हिलर. त्या इंग्लंडच्या उत्तरेकडच्या, मँचेस्टरजवळच्या. उत्तरेकडच्या उच्चारांमुळे मुलीच्या लग्नाला अडचण येईल, या धास्तीने वडिलांनी त्यांना दक्षिणेतल्या शाळेत घातलं होतं. म्हणजे एलायझाचा धडा त्या लहानपणीच गिरवून आल्या होत्या. १९३६मध्ये माल्व्हर्नच्या नाट्यमहोत्सवात त्यांनी हीच भूमिका केली आणि शॉ यांना त्या पसंत पडल्या. त्यांच्या तोंडून कॉकनी उमटते तेव्हा ती नक्कल वाटत नाही. स्वर कुठे लांबतो, ‘ह’ कुठे गळतो, याला एक शिस्त आहे, आणि ती शिस्त त्यांच्या कानाने पकडली आहे.

शिस्त हा शब्द मी मुद्दाम वापरते. आमच्या शास्त्राबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की ध्वनिशास्त्रज्ञ म्हणजे अशुद्ध उच्चार शुद्ध करून देणारा मास्तर. शॉ यांनी हिगिन्स रंगवताना ज्यांना डोळ्यांपुढे ठेवलं, ते हेन्री स्वीट प्रथम ऐकणारे होते. तोंडातून जे निघतं ते जसंच्या तसं कागदावर उतरवणं हे त्यांचं काम. हिगिन्सच्या खोलीतलं ध्वनिमुद्रण यंत्र शोभेचं नाही. व्हिएन्नात हे नाटक आलं त्याच १९१३मध्ये ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणासाठी आपल्या देशातल्या बोलींचे आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांवर नोंदवायला सुरुवात झाली, ते काम १९२९पर्यंत चाललं. चित्रपटात हिगिन्स एलायझाला तोंडात गोट्या ठेवून बोलायला लावतो, तो मात्र निव्वळ तमाशा आहे. गोट्यांनी उच्चार सुधारत नाहीत. आधी कान तयार करावा लागतो, जीभ त्याच्या मागून येते.

आता फुलचूरला येते, कारण हा चित्रपट मला इथे बसून वेगळा दिसतो. गोंदिया शहराला लागून असलेल्या या गावात एका चहाच्या टपरीवर मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी कानावर पडते, आणि तांदळाच्या गोण्या वाहणाऱ्या माणसाच्या तोंडी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची झाडीबोली असते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला. तिच्यात ण, ळ, श, ष हे ध्वनी नाहीत. ‘डोळा’ला ‘डोरा’, ‘काळा’ला ‘कारा’, ‘पाणी’ला ‘पानी’.

थोडं तांत्रिक सांगते. ‘ळ’ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं, हवा जिभेच्या कडांनी सुटते आणि टोक झटक्यात पुढे येतं. ‘र’ म्हणताना टोक दातांमागच्या उंचवट्यावर एकदाच थापटतं. दोन्ही हालचाली शेजारच्या आहेत, फरक जिभेच्या वळणाचा आणि हवेच्या वाटेचा. वऱ्हाडात टोक उचललंच जात नाही, जिभेचा मधला भाग वर येतो आणि ‘डोया’ होतो. हे आळसाने होत नाही, नियमाने होतं. ज्या शब्दात प्रमाण मराठीला ‘ळ’ आहे, त्या शब्दात झाडीला ‘र’ सापडतो. जिथे नियम आहे तिथे चूक नाही, हे आमच्या शास्त्राचं पहिलं वाक्य आहे. मूळ शुद्धतेचाच हट्ट असेल तर प्रमाण मराठीलाही उत्तर द्यावं लागेल. संस्कृत ‘काल’चं ‘काळ’ आणि ‘फल’चं ‘फळ’ तिनेच केलं. ‘पानीय’मधल्या ‘न’चा ‘ण’ही तिनेच केला. झाडीतला ‘न’ जुना राखलेला असेलच असं मी म्हणणार नाही, ‘ण’चा पुन्हा ‘न’ झाला असण्याचीच शक्यता जास्त. पण बदल दोघींनीही केले. एकीचा बदल पाठ्यपुस्तकात गेला, दुसरीचा हसण्यावारी.

गेल्या वर्षीचं एक प्रकरण अजून मनातून जात नाही. सालेकसा तालुक्यातली एक मुलगी, पदवीधर, हुशार. एका खासगी कंपनीच्या मुलाखतीत तिच्या तोंडून ‘पानी’ गेलं. समोरच्यांनी तिला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला आणि ते हसले. ती माझ्याकडे आली ती माझी बोली काढून टाका, असं म्हणत. मी तिला म्हटलं, ‘अंडा’ म्हण, ‘थंडी’ म्हण. ‘ड’च्या आधी नाकातून जो ध्वनी येतो, तो ‘ण’च आहे. तुझी जीभ तो रोज म्हणते आहे. आता तिथेच थांब, ‘ड’ सोडून दे. ती थोड्याच दिवसांत ‘पाणी’ म्हणू लागली. पुढे नोकरीही लागली, दुसरीकडे. परवा भेटली तेव्हा अभिमानाने सांगत होती की आता ती घरी आजीलाही ‘पानी’वरून टोकते. ‘ण’ मी शिकवला होता. आजीच्या बोलीची लाज तिला त्या मुलाखतीच्या खोलीने शिकवली, आणि ती धुऊन काढायला माझ्याकडे कोणताही पाठ नाही.

हेच दुखणं शॉ यांच्या नाटकाच्या पोटात आहे. पैज जिंकल्यावर एलायझा विचारते की आता माझं काय होणार. जुन्या उच्चारांनी ती फुलं विकून पोट भरत होती. नव्या उच्चारांनी ती ना फुटपाथची राहिली, ना दिवाणखान्याची. इथून पुढे जो शेवटाचा वाद आहे तो मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण लोक त्याला प्रेमकथेचा किरकोळ तपशील समजतात.

शॉ यांच्या नाटकात एलायझा हिगिन्सला बजावते की तुम्ही शिकवलेलं शास्त्र मी दुसऱ्यांना शिकवीन. हिगिन्स हादरतो तो या वाक्याने. विद्यार्थिनी आता बरोबरीची झाली. १९१४च्या लंडनच्या प्रयोगात हिगिन्स झालेले बीरबोम ट्री पडदा पडता पडता एलायझाकडे फुलं फेकत, म्हणजे लग्न ठरलंच. शॉ चिडले. १९१६मध्ये त्यांनी छापील नाटकाला लांबलचक पुरवणी जोडली आणि सांगितलं की एलायझा लग्न करते ते तिच्यावर भाळलेल्या फ्रेडी या तरुणाशी, आणि दोघं फुलांचं दुकान काढतात. चित्रपटाच्या पटकथेतही त्यांनी तोच शेवट दिला होता. पास्कल यांनी तो वापरला नाही. पडद्यावर एलायझा परत येते आणि हिगिन्स तिच्याकडे पाठ करूनच आपल्या सपाता कुठे आहेत, असं विचारतो. एवढ्यावर चित्रपट संपतो. १९३९च्या ऑस्कर समारंभात पटकथेचं पारितोषिक शॉ आणि त्यांच्या तीन सहलेखकांना मिळालं. शॉ यांनी मात्र १९४१च्या आवृत्तीत चित्रपटाचे नवे प्रसंग घेतले, तो शेवट घेतला नाही. तिथे एलायझा फ्रेडीशीच लग्न करणार आहे.

गंमत म्हणून शेवट बदलला तर काय बिघडलं, असं मला विचारलं जातं. बिघडलं ते हे, की उच्चार शिकलेली बाई शेवटी शिकवणाऱ्याच्या सपाता शोधायला परतली. तिची विद्या तिच्या नावावर झालीच नाही. फ्रेडीशी लग्न हाही मला पुरेसा शेवट वाटत नाही. एलायझा स्वतः म्हणाली होती ते व्हायला हवं होतं, तिने ध्वनिशास्त्राची शिक्षिका व्हायला हवं होतं. दोन बोली ज्याच्या तोंडात आहेत, त्याच्याइतका चांगला शिक्षक या विषयात दुसरा नाही.

तरीही त्या अखेरच्या प्रसंगात एक जागा खरी आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते. हिगिन्स एकटा बसून एलायझाच्या पहिल्या दिवसाचं ध्वनिमुद्रण ऐकत असतो. ते थांबतं आणि मागून तिचा जिवंत आवाज येतो, त्याच जुन्या कॉकनीत. ती बोली ती विसरलेली नाही. हवी तेव्हा ती म्हणते, हवी तेव्हा बाजूला ठेवते. सपातांचा विषय निघण्याआधीचे ते काही क्षण म्हणजे माझ्या शास्त्राचा खरा विजय आहे. मेजवानीत भाषातज्ज्ञ कार्पाथी तिच्या निर्दोष इंग्रजीवरून ती परदेशी राजकन्या असल्याचं ठरवतो, ते फक्त पैज जिंकणं होतं.

पुलंनी ही कथा मराठीत आणली तेव्हा त्यांच्यापुढची अडचण शॉ यांच्याहून मोठी होती. लंडनमध्ये उच्चार वर्ग सांगतात. आपल्याकडे उच्चार जात सांगतात, जिल्हा सांगतात, आणि ऐकणारा क्षणात माणसाला खालच्या पायरीवर बसवतो. मंजुळेचं तडफदार स्वगत पाठ म्हणणाऱ्या कितीतरी मुली मी स्पर्धांमधून ऐकल्या. टाळ्या पडतात त्या तिच्या रागाला. तो राग कशाचा आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात किंवा कचेरीत आठवलेलं मला फारसं दिसलं नाही. आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरही झाडीबोली बहुधा विनोदी पात्राच्या वाट्याला येते, नायिका प्रमाण मराठीत रडते. झाडीबोलीत प्रेम करणारी, भांडणारी, निर्णय घेणारी नायिका मला पाहायची आहे.

भाऊबीज झाली की आमच्याकडे मंडईची जत्रा भरेल, रात्र रात्र नाटकं चालतील आणि मग शाळा सुरू होतील. शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. एखादं मूल ‘डोरा’ म्हणालं तर वर्गाला हसू देऊ नका. आधी त्याला सांगा की हे बरोबर आहे, तुझ्या घरी असंच म्हणतात. मग फळ्यावर ‘डोळा’ लिहा आणि सांगा की पुस्तकात असं लिहितात. दोन्ही त्याचेच आहेत. प्रमाण भाषा प्रत्येक मुलाला आलीच पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. पण ती देताना आईची बोली काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षकाला नाही.